उणेचं चिन्ह

सोमवारी सकाळी सरकारी विद्यापीठात,
दुपारी खाजगीत.
विषय एकच : संख्याशास्त्र, पहिलं वर्ष.
मधे थिका रोडवरची मटाटू,
जिचा कंडक्टर मला मॅडम म्हणतो
आणि सुट्टे कधी परत देत नाही.

सकाळी तीनशे बारा पोरं.
बाकं दोनशेंची. बाकीची पायऱ्यांवर, खिडक्यांत,
दोघंतिघं दारात, एक पाय नैरोबीत, एक वर्गात.
माईक गेल्या सत्रात गेला. अर्ज दिलाय.
अर्जाची पोच पर्समध्ये घडीवर फाटत चाललीय.

दुपारी एकोणीस.
गेटवर बोटाचा ठसा. पायाखाली गालिचा.
चार रंगांचे मार्कर, चारही चालणारे.
सत्र संपलं की ही एकोणीस जणं
मला पाचपैकी गुण देतात.
सकाळच्यांना माझं नावही
धड माहीत नसावं.

एका सोमवारी मी फळ्यावर
रेषेचं सूत्र लिहिलं आणि
उणेच्या जागी अधिक काढलं.
सकाळी. तेच दुपारी. दुपारी तर लाल रंगात.
सरकारी पगार अकरा महिने थकला होता, दाढ ठणकत होती.
हे कारण म्हणून सांगत नाही. नोंद असावी.

परीक्षेनंतर दोन गठ्ठे घरी आणले,
चहा केला, आधी लहान गठ्ठा सोडला.

सतरा पेपरांत अधिक.
सुबक, समास सोडून,
माझ्याच वळणाचा, काहींत लालसुद्धा.
एकीने, माकेनाने, उणे लिहिलं होतं
आणि शेजारी पेन्सिलीने बारीक : माफ करा.
एकोणिसावा गितोंगा. त्याचा पेपरच नाही.
फी बाकी होती,
गेटने त्याचं बोट ओळखलं नाही.

मग मोठा गठ्ठा.
चौऱ्याऐंशी कोरे. शंभरेक अधिक :
पुढच्या रांगा, बिचाऱ्यांना ऐकू आलं होतं.
आणि एकशेअठ्ठावीस उणे.
वाकडेतिकडे, खोडलेले, तेलाचे डाग पडलेले,
पण उणे.
मी दाढ विसरले.

मुसेम्बी नावाच्या मुलाने उत्तराखाली लिहिलं होतं :
मागे काही पोचलं नाही, मॅडम.
वसतिगृहाच्या जिन्यात एकच दिवा आहे,
तिथे सगळ्यांनी मिळून काढलं.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती.
पण त्या एकशेअठ्ठावीसांतले चाळीस गुण
कार्यालयात गहाळ झाले.
कारकून म्हणाला, पुढच्या वर्षी परत बसवा.
मुसेम्बी त्या चाळिसांत.
आणि ते चौऱ्याऐंशी कोरे,
त्यांच्यापर्यंत मीही पोचले नाही, जिनाही नाही.

मी दोन्ही वर्गांत चूक कबूल केली.
सकाळी हसू पुढून उठलं
आणि रांगेरांगेने मागे गेलं.
दारातली पोरं सगळ्यात शेवटी हसली,
कशाला ते विचारून.
दुपारी कोणी हसलं नाही.
एकाने विचारलं, मग आमचे गुण वाढतात का?
वाढवले.
माकेना टेबलाकडे बघत राहिली.
तिला काय वाढवणार?
मी म्हटलं, पुढच्या वेळी मोठ्यानं सांग.
ती म्हणाली, तुम्हाला गुण देताना सांगणार होते,
पण तिथे नाव लिहायला जागा नसते.

आज बहिणीचा फोन, चेलिमोचा.
किप्रोनोचा निकाल लागलाय, दोन्हीकडे नाव आलंय.
इकडे फुकटासारखं, तिकडे जमीन विकून.
तू दोन्हीकडे शिकवतेस, तूच सांग,
कुठलं बरं?

मी स्टॉपवर होते, दोन्हींच्या मधे.
म्हटलं, आधी हे सांग,
मोठं माणूस चुकलं तर तो बोलतो का,
की तसंच उतरवून घेतो?

तेवढ्यात मटाटू आली, भोंगे लावून.
चेलिमो काहीतरी बोलत होती,
बराच वेळ बोलत होती.
मला ऐकू आलं नाही.